रिकाम्या बाटलीची जबाबदारी

वाङ्मयीन चर्चेसाठी चालणाऱ्या या पानांवर प्लास्टिकच्या बाटल्यांविषयी लेख कशासाठी, असे काही वाचक विचारतील. आमचे उत्तर सरळ आहे. कायदा, अधिसूचना, फलक आणि जाहिरात हेही मजकूरच असतात, आणि मजकुरातला कर्ता शोधणे हे आपलेच काम आहे. ‘बाटल्या रस्त्यावर फेकल्या जातात’ या वाक्यातील प्रयोग ओळखायला आपण विद्यार्थ्यांना शिकवतो. नवीन कर्मणी, कर्ता अनुक्त. कचऱ्याविषयीचे आपल्याकडचे बहुतेक सार्वजनिक लेखन या एका वाक्याभोवती फिरते. आधी कर्ता गाळायचा, मग त्या मोकळ्या जागी आपल्या सोयीचा कर्ता बसवायचा. कधी तो ‘बेशिस्त नागरिक’ असतो, कधी ‘बाहेरून आलेले लोक’, कधी ‘आजची पिढी’. बाटली घडवणारा, ती भरणारा आणि तिच्यावर आपले नाव छापून विकणारा मात्र त्या जागी सहसा येत नाही. वास्तविक सगळ्या कर्त्यांमध्ये शोधायला सर्वांत सोपा तोच आहे, कारण त्याचे नाव बाटलीवरच ठळक अक्षरांत लिहिलेले असते.

हिंजवडीत हे वाक्य रोज वाचायला मिळते. राजीव गांधी इन्फोटेक पार्कच्या रस्त्यांकडेला, टपऱ्यांच्या मागे, बांधकामांच्या पत्र्यांलगत आणि बुजत चाललेल्या ओढ्यांच्या काठी बाटल्यांचा थर साचलेला असतो. पाण्याच्या, सरबताच्या, मद्याच्या आणि बैठकांच्या टेबलांवर मांडल्या जाणाऱ्या त्या दोन घोटांच्या छोट्या बाटल्या, ज्यांतील निम्मे पाणी कोणी पीतच नाही. पावसाळ्यात हा थर ओढ्यातून मुळेत जातो, मुळा मुठेला मिळते, मुळामुठा भीमेला आणि भीमा उजनीला. दोनशे मिलिलिटर पाण्यासाठी वापरलेले पात्र अशा रीतीने सोलापूर जिल्ह्याच्या पिण्याच्या पाण्यापर्यंतचा प्रवास करते. त्या प्रवासाचा खर्च बाटलीच्या किमतीत कुठेही धरलेला नसतो.

या प्रश्नावर जगभर एक साधा, जुना आणि पुन्हा पुन्हा पारखून पाहिलेला उपाय आहे. बाटली विकताना तिच्या किमतीवर काही रक्कम वेगळी घ्यायची आणि रिकामी बाटली आणून देणाऱ्याला ती परत करायची. इंग्रजीच्या प्रभावाखाली आपण त्याला डिपॉझिट म्हणतो. मराठीत त्यासाठी ‘अनामत’ हा चांगला शब्द आहे. अरबी ‘अमानत’चे वर्णविपर्यासाने झालेले हे रूप असून विश्वासाने दुसऱ्याकडे सोपवलेली ठेव असा त्याचा मूळ अर्थ आहे. शब्दाचा हा अर्थ नीट लक्षात घेतला तर सगळा वाद उलगडतो. अनामत घेतलेली बाटली पूर्णपणे विकली गेलेली नसते. ती काही काळ आपल्याकडे ठेवलेली असते. पेय ग्राहकाचे, पात्र उत्पादकाचे. पात्र परत घेणे हे त्याचे कर्तव्य आणि परत करणे हे आपले. या दोन कर्तव्यांना बांधणारा दोरा म्हणजे ती छोटीशी रक्कम.

हा उपाय परदेशातून उसना आणलेला आहे, असे म्हणणाऱ्यांनी आपलीच स्मृती तपासावी. मुंबईत आरे दुग्धवसाहत १९४९ साली उभी राहिली आणि पुढे कित्येक वर्षे आरेचे दूध काचेच्या बाटल्यांतून घरोघर गेले. केंद्रावर रिकाम्या बाटल्या द्यायच्या आणि भरलेल्या घ्यायच्या, हा सकाळचा नेम होता. पुण्याच्या कॅम्पातील १८८४ पासूनच्या अर्देशीरचा रासबेरी सोडा असो, गल्लीतला गोटी सोडा असो की किराणा दुकानाच्या दारात रचलेली शीतपेयांची लाकडी खोकी असोत, बाटली दुकानातच प्यायची किंवा पैसे ठेवून घरी न्यायची, हे कोणाला समजावून सांगावे लागत नव्हते. जुने कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण, मोड घेऊन नवे भांडे देणारा तांबट आणि महिन्याची रद्दी तोलणारा रद्दीवाला, या सगळ्यांमुळे वापरलेल्या वस्तूलाही किंमत असते ही जाणीव इथल्या घरात मुरलेली होती. ‘वापरा आणि फेका’ ही आपली जुनी सवय होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. ती आपल्याला शिकवली गेली, आणि ती शिकवण्यात कोणाचा तरी फायदा होता. रिकामी बाटली परत आणणे, धुणे, मोजणे आणि पुन्हा भरणे याला कारखानदाराला खर्च येतो. पातळ प्लास्टिकची बाटली एकदा विकली की त्याचा तिच्याशी संबंध संपतो. बाकीचा खर्च नगरपालिका, नदी, जनावरे आणि कचरा वेचणाऱ्या बाया उचलतात.

महाराष्ट्राने हा हिशेब एकदा कागदावर बरोबर मांडला होता, हे आज अनेकांच्या विस्मरणात गेले आहे. महाराष्ट्र अविघटनशील कचरा (नियंत्रण) अधिनियम, २००६ या कायद्याखाली २३ मार्च २०१८ रोजी राज्य शासनाने प्लास्टिक आणि थर्माकोलच्या वस्तूंविषयी अधिसूचना काढली. ती ‘प्लास्टिकबंदी’ म्हणून गाजली आणि चर्चा पिशव्यांच्या पलीकडे फारशी गेली नाही. पण त्याच अधिसूचनेत पेट बाटल्यांसाठी पुनर्खरेदीची तरतूद होती. परतीची किंमत बाटलीवर छापायची होती. मोठ्या बाटलीला एक रुपया आणि अर्ध्या लिटरच्या बाटलीला दोन रुपये. छोटी बाटली अधिक सहजपणे फेकली जाते म्हणून तिची परतीची किंमत जास्त, हा विचारही त्यात दिसत होता. उत्पादक, विक्रेते आणि व्यापाऱ्यांनी तीन महिन्यांत संकलन केंद्रे आणि यंत्रे उभारावीत असेही म्हटले होते. दुधाच्या पिशवीसाठी पन्नास पैशांच्या परताव्याची कल्पना होती. जून २०१९ मध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी तिची विधिमंडळात पुन्हा घोषणा केली आणि राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या कचऱ्यात जातात असे सांगितले.

पुढे काय झाले? बंदीला स्थगिती द्यायला मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०१८ मध्ये नकार दिला आणि जूनअखेरीस दंडवसुली सुरू झाली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार, तिसऱ्याला पंचवीस हजार आणि तीन महिन्यांचा कारावास. भाजीवाली, फुलवाला आणि मिठाईवाला यांनी या आकड्यांचा धसका घेतला. परताव्याची अर्धी बाजू मात्र सर्वसामान्य ग्राहकाच्या हातापर्यंत पोचलीच नाही. रिकामी बाटली कोपऱ्यावरच्या दुकानात देऊन दोन रुपये घेतल्याचे सांगणारा माणूस हिंजवडीत शोधून सापडत नाही, आणि पन्नास पैसे घेऊन दुधाची पिशवी परत घेणारा दुकानदारही. ज्या राज्यात पन्नास पैशांचे नाणे कायद्याने चालत असूनही कोणी हातात घेत नाही आणि रुपयाच्या सुट्ट्याऐवजी गोळी मिळते, तिथे पन्नास पैशांची अनामत जाहीर करणे यातच त्या घोषणेचे गांभीर्य दिसत होते. एकाच अधिसूचनेतील दंडाची कलमे खाली झिरपली आणि परताव्याची कलमे वरच सुकून गेली. हा योगायोग आहे असे आम्हांला वाटत नाही. दंड दुबळ्याकडून वसूल करायचा होता आणि परतावा बलवानाकडून.

या अपयशावर पांघरूण घालायला जो शब्द सर्वाधिक वापरला जातो, तो म्हणजे ‘संस्कार’. कायद्याने काय होणार, लोकांच्या अंगी शिस्त बाणली पाहिजे, शाळेत संस्कार झाले पाहिजेत, असे आपल्या क्षेत्रातील मंडळीही व्यासपीठावरून सांगत असतात. त्यांनी या युक्तिवादाचा इतिहास पाहावा. अमेरिकेतील व्हरमाँट राज्याने १९५३ साली परत न घेतल्या जाणाऱ्या बिअरच्या बाटल्यांवर बंदी घातली. त्याच वर्षी डबे आणि बाटल्या बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या पुढाकाराने ‘कीप अमेरिका ब्युटिफुल’ ही संस्था जन्माला आली. देश स्वच्छ ठेवा, कचरा टाकू नका, असा नागरिकांना उपदेश करणे हे तिचे काम. व्हरमाँटचा कायदा १९५७ मध्ये संपुष्टात आला. उपदेश चालू राहिला. १९७१ मध्ये या संस्थेने रस्त्यावरचा कचरा पाहून अश्रू ढाळणाऱ्या आदिवासी माणसाची जाहिरात काढली आणि ती जगप्रसिद्ध झाली. ती भूमिका करणारा नट इटालियन वंशाचा होता, हे नंतर उघड झाले. त्याच १९७१ साली ओरेगन राज्याने बाटल्यांवर पाच सेंटची अनामत बंधनकारक करणारा कायदा मंजूर केला. एकाच वर्षातले हे दोन मजकूर शेजारी ठेवून वाचावेत. एक अश्रू ढाळतो आणि दोष बघणाऱ्याच्या माथी मारतो. दुसरा रडत नाही, कोणाला दोष देत नाही, फक्त बाटलीला पाच सेंटची किंमत देतो. रस्ते कोणत्या मजकुराने स्वच्छ झाले, हे सांगायला समीक्षकाची गरज नाही.

संस्कारांना आमचा विरोध नाही. पण जर्मनीत १ जानेवारी २००३ पासून एकदाच वापरायच्या बाटल्यांवर पंचवीस सेंटची अनामत लागू झाली आणि आज तिथल्या अशा बहुतेक सर्व बाटल्या परत येतात, याचे कारण जर्मन माणूस जन्मतः अधिक सुसंस्कृत असतो हे नाही. ज्याला परत न्यायचा कंटाळा आहे तो तिथे बाटली कचरापेटीच्या शेजारी उभी करून जातो, आणि ज्याला पंचवीस सेंटची गरज आहे तो ती उचलतो. कायद्याने आळशी माणसाच्या आळसाचीही सोय करून ठेवली आहे. चांगला कायदा माणसे चांगली असतील असे गृहीत धरत नाही.

दुसरा युक्तिवाद उद्योगाकडून येतो आणि तो अधिक चतुर आहे. भारतात अनामतीची गरजच नाही, कारण इथे पेट बाटल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के आधीच पुनर्वापरात जातात, असे सांगितले जाते. या आकड्याचा उगम आपल्या पुण्यातच आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने पेट वेष्टनउद्योगाच्या संघटनेसोबत केलेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातला तो अंदाज आहे. आपण तो क्षणभर जसाच्या तसा स्वीकारू. मग प्रश्न उरतो तो कर्त्याचा. हे नव्वद टक्के कोण गोळा करते? पहाटे पोते घेऊन निघणाऱ्या स्त्रिया गोळा करतात. उद्योग त्यांना वेतन देत नाही, हातमोजे देत नाही, विमा देत नाही, त्यांचे नावही जाणत नाही. त्यांच्या कष्टांची आकडेवारी मात्र आपल्या बचावाच्या कैफियतीत पहिल्या पानावर जोडतो. दुसऱ्याच्या फुकट श्रमावर मिळवलेली टक्केवारी हा आपल्या निर्दोषत्वाचा पुरावा म्हणून दाखवणे, याला आम्ही निर्लज्जपणा म्हणतो.

शिवाय हा आकडा पेटचा आहे. बाटलीचे बूच, वरचे वेष्टन, पेयांचे थर असलेले पुठ्ठ्याचे डबे, गुटख्याच्या पुडीसारख्या छोट्या पिशव्या आणि काचेच्या बाटल्या यांना तो लागू नाही. भंगाराचा भाव खनिज तेलाच्या भावाबरोबर हलतो. कोरे प्लास्टिक स्वस्त झाले की वापरलेले कोणी विचारत नाही, आणि मग वेचणारीला तेवढ्याच वजनाचे कमी पैसे मिळतात. पुन्हा वापरात गेलेल्या पेटचा मोठा भाग बाटलीत परत न येता धाग्यात आणि कापडात जातो. म्हणजे नवी बाटली बहुतांशी नव्याच प्लास्टिकची बनते. वर्तुळ पूर्ण होते असे म्हणायचे आणि प्रत्यक्षात एक सरळ रेषा थोडी लांबवायची, एवढेच इथे घडते.

तिसरा आक्षेप आम्हांला खरा आदरणीय वाटतो, कारण तो कष्टकऱ्यांच्या बाजूने येतो. पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. बाबा आढाव यांच्या असंघटित कष्टकऱ्यांच्या चळवळीचा तिला आधार होता. पुढे याच संघटनेतून ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था उभी राहिली आणि २००८ मध्ये तिने पुणे महानगरपालिकेशी करार केला. संघटनेचे नाव भाषेच्या विद्यार्थ्याने थांबून वाचावे असे आहे. ‘कचरा’ हा शब्द त्यात नाही. कागद, काच आणि पत्रा या वस्तू आहेत, आणि त्या उचलणारे कष्टकरी आहेत. प्लास्टिकही त्या नावात नाही. ज्या १९९३ साली ही पंचायत स्थापन झाली, त्याच वर्षी १९७७ मध्ये देश सोडून गेलेली कोका-कोला भारतात परतली आणि तिने थम्स अप, लिम्का, गोल्ड स्पॉट ही पार्लेची पेये विकत घेतली. त्यानंतरच्या तीस वर्षांत पोत्यातली काच कमी होत गेली आणि प्लास्टिक वाढत गेले. आज वेचणारीच्या पोत्यात सर्वांत खात्रीने विकली जाणारी वस्तू म्हणजे पेटची बाटली. अनामत लागू झाल्यावर ग्राहक ती स्वतःच दुकानात नेऊन देऊ लागला, तर वेचणारीच्या पोत्यात उरणार काय? फक्त कोणी विकत घेत नाही असा माल.

या आक्षेपाला उत्तर दिल्याखेरीज अनामतीची बाजू घेण्याचा अधिकार कोणालाही नाही. आमचे उत्तर असे आहे. अर्ध्या लिटरच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीचे वजन सर्वसाधारणपणे वीस ग्रॅमच्या आतच असते. म्हणजे किलोला पन्नासाहून अधिक बाटल्या लागतात. बाटलीला दोन रुपये अनामत असेल, तर त्या किलोचे मोल शंभर रुपयांच्या वर जाते. भंगाराच्या दुकानातला भाव त्याच्या निम्म्यालाही क्वचितच पोचतो. शिवाय अनामतीचा दर कायद्याने ठरलेला असल्याने तो तेलाच्या बाजाराबरोबर घसरत नाही. हिंजवडीसारख्या ठिकाणी, जिथे बाटली पिणाऱ्याला दोन रुपयांसाठी थांबायला वेळ नाही, तिथे बहुतेक बाटल्या तिच्याच हाती येतील. पण हे सगळे एका अटीवर अवलंबून आहे. कायद्याने अनामत ‘ग्राहकाला’ परत द्यायची, असे न म्हणता ‘बाटली आणून देणाऱ्याला’ परत द्यायची, असे म्हटले पाहिजे. एका शब्दाचा फरक आहे, पण त्या शब्दावर हजारो घरांची चूल पेटते किंवा विझते.

आणि इथेच यंत्रप्रेमी मंडळींशी आमचे भांडण सुरू होते. बाटली टाका आणि सवलतीचे कुपन मिळवा, अशी यंत्रे हल्ली रेल्वे स्थानकांवर, मॉलमध्ये आणि कंपन्यांच्या आवारांत दिसतात. उद्घाटनाचे छायाचित्र त्यांच्याजवळ उत्तम येते. अशा यंत्राला साधारणतः बाटली अखंड लागते आणि तिच्यावरची सांकेतिक पट्टी वाचता यावी लागते. वेचणारी बाई मात्र बाटली पायाखाली चेपून पोत्यात भरते, कारण न चेपलेल्या बाटल्यांनी पोते लगेच भरते आणि वजन होत नाही. म्हणजे ज्या हातांनी बाटली सर्वाधिक उचलली जाते, त्याच हातांतली बाटली यंत्र नाकारते. त्यातही ते यंत्र सुरक्षा रक्षकाने राखलेल्या फाटकाच्या आत उभे असते. फाटकाच्या आत कुपन, फाटकाच्या बाहेर पोते. पर्यावरणाच्या नावाखाली ही नवी सोवळ्याओवळ्याची रेघ आखली जात असेल, तर तिला विरोधच केला पाहिजे. अनामतीच्या केंद्रावर चेपलेली, मळलेली बाटलीही घेतली गेली पाहिजे, आणि ही केंद्रे चालवण्याचा पहिला हक्क वेचकांच्या सहकारी संस्थांचा असला पाहिजे.

आता केंद्राच्या कायद्याकडे वळू. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम २०१६ मध्ये आले आणि १६ फेब्रुवारी २०२२ च्या दुरुस्तीने उत्पादकांच्या विस्तारित जबाबदारीची मार्गदर्शक तत्त्वे त्यांना जोडली गेली. ‘विस्तारित जबाबदारी’ हा शब्दप्रयोग ऐकायला भारदस्त आहे. तिचा प्रत्यक्ष अर्थ असा की, उत्पादकाने आपण बाजारात आणलेल्या प्लास्टिकच्या प्रमाणात पुनर्प्रक्रियेची प्रमाणपत्रे मिळवायची. आपली बाटली परत आणायची गरज नाही. कुठल्या तरी प्लास्टिकवर कुठे तरी प्रक्रिया झाल्याचा दाखला पुरतो. २०२३ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या तपासणीत अशी सुमारे सहा लाख प्रमाणपत्रे बनावट निघाली. बाटली हिंजवडीच्या ओढ्यात आणि तिच्या मोक्षाचा दाखला संगणकावर, अशी ही व्यवस्था आहे. त्याच मार्गदर्शक तत्त्वांत अनामतीचाही उल्लेख आहे. उत्पादक अशी परतावा योजना राबवू ‘शकतील’, असे तिथे म्हटले आहे. क्रियापद पाहावे. भाजीवालीने पिशवी दिली तर तिने दंड भरला ‘पाहिजे’. उत्पादकाला वाटले तर तो बाटली परत घेऊ ‘शकेल’. विध्यर्थ गरिबाला आणि शक्यार्थ श्रीमंताला, अशी आपल्या कायद्याच्या व्याकरणाची विभागणी आहे.

हे अशक्य आहे असे मात्र कोणी सांगू नये. तामिळनाडूत मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर मे २०२२ पासून निलगिरी जिल्ह्यातील सरकारी मद्यदुकानांत बाटलीमागे दहा रुपये जास्त घेऊन ते परत देण्याची पद्धत सुरू झाली. बहुसंख्य बाटल्या परत येऊ लागल्या आणि योजना इतर जिल्ह्यांत नेण्यात आली. केरळने सप्टेंबर २०२५ मध्ये तिरुवनंतपुरम आणि कण्णूर जिल्ह्यांतील निवडक सरकारी दुकानांत वीस रुपयांच्या अनामतीचा प्रयोग सुरू केला. आपल्या शेजारच्या गोव्याने ऑगस्ट २०२४ मध्ये, १९९६ च्या आपल्या अविघटनशील कचराविषयक कायद्याखाली, संपूर्ण राज्यासाठी अनामत परतावा योजना अधिसूचित केली. तिला उद्योग आणि व्यापारी संघटनांनी विरोध केला. विरोधाची कारणे ओळखीचीच आहेत: खर्च वाढेल, दुकानदाराला जागा नाही, शेजारच्या राज्यातून बाटल्या येतील. यातील शेवटच्या मुद्द्याचे उत्तर गोव्याकडे नसून महाराष्ट्राकडे आहे. पत्रादेवीच्या नाक्याच्या एका बाजूला बाटलीला किंमत आणि दुसऱ्या बाजूला शून्य, अशी स्थिती असेल तर घोटाळे होणारच. दोन्हीकडे अनामत असेल तर बाटली पलीकडे नेण्यात कोणाला रस उरणार नाही.

दुकानदाराची अडचण मात्र खरी आहे. सहा फुटांच्या टपरीत रिकाम्या बाटल्यांची पोती कुठे ठेवायची? म्हणून प्रत्येक बाटलीमागे हाताळणीचा मोबदला उत्पादकाने द्यावा, लहान दुकानांना बाटली परत घेण्याच्या सक्तीतून सूट असावी आणि त्यांच्या जवळपास संकलन केंद्र असावे. जुन्या काळी शीतपेयांची गाडी भरलेली खोकी उतरवून रिकामी घेऊन जात असे. आजही रोज भरलेला माल घेऊन टपरीपर्यंत येणारी गाडी परतताना रिकामीच जाते. जी गाडी बाटल्या आणू शकते, ती बाटल्या नेऊ शकत नाही, हे आम्हांला पटत नाही.

हिंजवडीचे उदाहरण आम्ही मुद्दाम घेतले आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झालेल्या वाकडच्या पलीकडे ग्रामपंचायती, एमआयडीसी आणि २०१५ मध्ये स्थापन झालेले पीएमआरडीए यांचे अधिकार एकमेकांत गुंतलेले राहिले. २०२५ च्या पावसाळ्यात इथले रस्ते पाण्याखाली गेले, तेव्हा ओढे, गटारे आणि रस्ते नेमके कोणाचे याचे एक उत्तर रहिवाशांना मिळेना. महापालिकेत समावेश करा ही मागणीही त्यातूनच जोर धरत गेली. समावेश व्हावा की नाही, हा वेगळा वाद आहे. पण जिथे कचरा कोणी उचलायचा हेच ठरत नाही, तिथे कचरा उचलण्याच्या यंत्रणेवर विसंबणे हा भाबडेपणा आहे. अनामतीला हद्द लागत नाही. बाटली ग्रामपंचायतीच्या जमिनीवर पडलेली असो की एमआयडीसीच्या, तिच्या अंगावर दोन रुपये लिहिलेले असतील तर ती उचलणारा कोणी तरी येतोच. महानगरपालिका नसलेल्या, गटारे नसलेल्या, वीस वर्षांत गावाचे शहर झालेल्या महाराष्ट्रातील शेकडो वस्त्यांसाठी याहून स्वस्त आणि याहून लोकशाहीवादी उपाय आम्हांला तरी दिसत नाही. हा उपाय कुठल्या खात्याच्या मर्जीवर चालत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या अशा. २०१८ च्या अधिसूचनेत मांडलेले परताव्याचे तत्त्व राज्याने बंधनकारक कायद्याच्या रूपात पुन्हा आणावे, आणि त्यात प्लास्टिकबरोबर काच, धातूचे डबे आणि थरांचे पुठ्ठ्याचे डबे यांचाही समावेश करावा. परताव्याची रक्कम मराठीत, ठळक अक्षरांत, उत्पादकाच्या नावाइतक्याच मोठ्या आकारात बाटलीवर छापावी. ती रक्कम आजच्या नाण्यांत देता येईल अशी आणि महागाईनुसार वाढणारी असावी. परतावा बाटली आणून देणाऱ्या कोणालाही, रोख, बाटलीच्या अवस्थेची सबब न सांगता मिळावा. परत न आलेल्या बाटल्यांची जमा रक्कम उत्पादकाच्या खिशात न जाता वेचकांच्या आरोग्य आणि निवृत्तिवेतन निधीत जावी. अन्यथा बाटली परत न येण्यातच उत्पादकाचा नफा राहील. आणि ही योजना आखताना वेचकांच्या संघटना पहिल्या बैठकीपासून टेबलाशी असाव्यात, शेवटच्या बैठकीत आभारप्रदर्शनासाठी बोलावल्या जाऊ नयेत.

आपल्या व्यवसायातील मंडळींकडूनही एक अपेक्षा आहे. महाविद्यालयांत दरवर्षी ‘प्लास्टिकमुक्त परिसर’ या विषयावर निबंधस्पर्धा होतात, आणि विद्यार्थी ‘आपणच जबाबदार आहोत’ या वाक्याने निबंध संपवतात. त्याला गुणही मिळतात. यापुढे तरी त्या वाक्याखाली लाल रेघ ओढून समासात लिहावे: ‘आपण’ म्हणजे नेमके कोण? बाटली बनवणारा, विकणारा, पिणारा आणि ती उचलणारी, या चौघांना एकाच सर्वनामात कोंबणे हे व्याकरणदृष्ट्या चालते; न्यायाच्या दृष्टीने चालत नाही. यांपैकी एकीने आपला वाटा केव्हाच उचलला आहे, रोज पहाटे, पाठीवर. आता पहिल्या कर्त्याने आपला वाटा उचलावा, एवढेच कायद्याने सांगायचे आहे, आणि ते ‘शकतील’ या शब्दात सांगून भागणार नाही.